झोप न येणाऱ्या महाराजांची गोष्ट

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीने काय केले ते बडोदेकरांना सांगायला नको. मगरी रस्त्यावर आल्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. आमच्या खात्याचे काम पाण्याचे. पूर आला की लोकांच्या घरात पाणी असते आणि नळाला नसते, आणि दोन्हीबद्दल फोन आम्हालाच येतात. मी चार दिवस घरी गेलो नाही. पाणी ओसरले, पंप सुरू झाले, टँकर बंद झाले, सगळे रुळावर आले. माझी झोप मात्र परत आली नाही.

गणपती बसले, गेले, नवरात्र आले, तरी रात्री दोनला डोळा उघडायचा तो पहाटेपर्यंत. फोन वाजला नसला तरी वाजल्यासारखा वाटायचा. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि "ताण कमी करा" म्हणाले. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे सांगणे म्हणजे पावसाळ्यात भिजू नका म्हणण्यासारखेच. आई म्हणायची, "अरे, झोप येत नाही तर लोळत पडू नकोस. ऊठ, काहीतरी वाच." म्हणून वाचू लागलो. घरात पणजोबांच्या वेळची सयाजीराव महाराजांबद्दलची काही पुस्तके होती. पणजोबा साताऱ्याकडून येऊन संस्थानात कारकून म्हणून लागले होते. त्या पुस्तकांच्या पानांत मला एक गोष्ट सापडली, जी आपण जयंतीच्या भाषणांत कधी ऐकत नाही. ज्यांचे नाव आपल्या बागेला, विद्यापीठाला आणि तलावाला आहे, त्या महाराजांनाही झोप येत नव्हती, आणि तीही वर्षानुवर्षे!

कवळाण्याहून बडोद्याला

सुरुवातीची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच निघते.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणे गावी काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळरावांचा जन्म झाला. घराणे गायकवाडांचेच, पण गादीपासून दूर पडलेल्या शाखेचे, शेतीवर जगणारे. इकडे बडोद्यात १८७५ साली मोठी उलथापालथ झाली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मल्हारराव महाराजांची चौकशी झाली आणि एप्रिलमध्ये त्यांना गादीवरून काढण्यात आले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून मुले आणली गेली. "इथे कशासाठी आलास?" असे विचारल्यावर गोपाळने "राज्य करायला" असे उत्तर दिल्याची आख्यायिका घरोघर सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी झाला आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

या आख्यायिकेत आपण मुलाचा बाणेदारपणा पाहतो. मला आता त्यातला बारा वर्षांचा मुलगा दिसतो. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. आईवडील, गाव, नाव, सगळे एका दिवसात मागे पडले. भोवती विषप्रयोगाच्या खटल्याने हादरलेला दरबार, वर इंग्रजांची नजर. एलियट साहेब शिक्षक, सर टी. माधवराव दिवाण. इतर मुले ज्या वयात बाराखडी पार करून पुढे गेलेली असतात, त्या वयात हा मुलगा मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी एकदम शिकायला बसला. शिवाय घोडेस्वारी आणि तालीम. माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने पुस्तकरूपाने छापली गेली. सहा-साडेसहा वर्षांच्या या शिकवणीनंतर २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या या तरुणाच्या हाती राज्याची सूत्रे आली.

१८८५ चे वर्ष

१८८० च्या जानेवारीत तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. १८८३ मध्ये युवराज फत्तेसिंहराव जन्मले. आणि मे १८८५ मध्ये चिमणाबाई क्षयाने गेल्या. महाराज तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि युवराज दोन वर्षांचेही नव्हते.

रावपुऱ्याचा टॉवर आणि न्यायमंदिराची इमारत या चिमणाबाईंच्या नावाने उभी आहे. रोज त्या टॉवरखालून स्कूटर काढताना आपल्याला वेळ दिसते, त्यामागचे दुःख दिसत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याच्या रीतीप्रमाणे देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या दुसऱ्या चिमणाबाई, ज्यांनी पुढे स्त्रियांच्या प्रश्नांवर मोठे काम केले. पण लग्न झाले म्हणून मनाची जखम भरली असे नाही. या सुमारासच महाराजांना निद्रानाशाने गाठले. दिवसभर कागद, मुलाखती, दौरे, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. आज डॉक्टर ज्याला ताणाचा आजार म्हणतील, त्याला तेव्हा मज्जातंतूंचा अशक्तपणा म्हणत. हवापालट करून पाहिला. शेवटी १८८७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, प्रकृतीसाठी ते पहिल्यांदा युरोपला गेले. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे असे मानणारे लोक तेव्हा दरबारात होते, बाहेरही होते. महाराजांनी तेही ऐकून घेतले आणि गेले.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मला वाटत होते की खंबीर माणसाला असले काही होत नाही. झाले तर तो लपवतो, दातओठ खाऊन पुढे जातो. आपल्याकडे त्यालाच जिद्द म्हणतात. इथे तर एक राजा आपण आजारी आहोत हे मान्य करतो, वैद्यांचे ऐकतो, विश्रांती घेतो, आणि तरीही काम सोडत नाही. पुढची पन्नास वर्षे त्यांनी हेच केले. परदेशी असतानाही त्यांच्याकडे बडोद्याचे कागद जात आणि हुकूम येत. आपण नसलो तरी कारभार चालला पाहिजे, यासाठी त्यांनी खात्यांची रचना केली, अधिकार वाटून दिले, नियम छापून काढले. मला वाटते, ज्याला आपली शक्ती मर्यादित आहे हे कळते, तोच व्यवस्था उभी करतो. सगळे मीच करीन म्हणणारा एक दिवस कोसळतो आणि त्याच्याबरोबर कामही कोसळते.

याच शहरात त्याचे उलट उदाहरणही घडले. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर मँट यांचा. काम १८७८ मध्ये सुरू झाले. आपली गणिते चुकली आहेत, इमारत कोसळणार, या धास्तीने त्यांचे मन ढळले आणि १८८१ मध्ये त्यांचा करुण अंत झाला, असे सांगतात. पुढे चिझम साहेबांनी काम पूर्ण केले. राजवाडा १८९० मध्ये उभा राहिला, तो आजही उभाच आहे. मी स्वतः स्थापत्यातला डिप्लोमावाला, गणित चुकेल ही भीती मलाही माहीत आहे. राजवाड्यासमोरून जाताना मला नेहमी वाटते, त्या माणसाला कोणीतरी वेळेवर म्हणायला हवे होते, "साहेब, कागद द्या इकडे, आपण दोघे पुन्हा तपासू."

उणीव होती तिथेच काम

सकारात्मक विचार हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला आहे. सकाळी फोन उघडला की फुलांच्या चित्रांवर दहा सुविचार येतात. महाराजांच्या आयुष्यात मला त्याचा एक साधा अर्थ दिसला. जे आपल्याला मिळाले नाही किंवा आपल्याकडून गेले, त्याचा उपयोग दुसऱ्यासाठी करणे.

बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. त्याच माणसाने १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये हिंदुस्थानासाठी तसाच कायदा मागितला, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. गोखल्यांचे विधेयक नामंजूर झाले, बडोद्याच्या शाळा मात्र चालूच राहिल्या.

रात्री झोप येत नसे तेव्हा पुस्तकांचाच आधार असणार, असे मला आपले वाटते. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून आल्यावर १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचे तज्ज्ञ तिथून बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आपल्या आज्यांनी त्या पेट्यांतली पुस्तके वाचली आहेत. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले, तिथे हाताचे कौशल्य लोकांच्या भाषेतून शिकवले जाई. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आणि लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण मीही माझा डिप्लोमा त्याच कलाभवनच्या दगडी इमारतीत केला. बारावीला गुण कमी पडले म्हणून डिग्रीला प्रवेश नाही मिळाला, याचे तेव्हा फार वाईट वाटले होते. आज त्या इमारतीची पोटगी खातो आहे असेच म्हणायला हवे.

आणि आजवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूर्या नदीवर मातीचा बांध घालून हे सरोवर केले, आणि नळाचे स्वच्छ पाणी बडोद्याच्या घरात आले. शहराचा काही भाग आजही ते पाणी पितो. पुराच्या चार रात्रींत आमचे सगळ्यांचे डोळे त्याच आजव्याच्या पातळीवर लागले होते. ज्यांच्या राज्यात ते बांधले गेले, त्या माणसालाही अशाच रात्री जागून काढाव्या लागत होत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

छप्पनियो

खरी कसोटी लागली ती १८९९-१९०० मध्ये. संवत १९५६ चा तो दुष्काळ गुजरातेत 'छप्पनियो' म्हणून अजून ओळखला जातो. गुरे गेली, माणसे गेली, मागून रोगराई आली. बडोदे संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये २४,१५,३९६ होती, ती १९०१ च्या शिरगणतीत १९,५२,६९२ भरली. म्हणजे चार लाख साठ हजारांहून अधिक माणसे कमी. प्रकृती साथ देत नसतानाही महाराजांनी दुष्काळी भागाचा दौरा केला. त्याची टिपणे १९०१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कुठे काम निघाले, कुठे विहिरी आटल्या, अधिकारी काय सांगतात आणि लोक काय सांगतात, असा त्या लिखाणाचा रोख.

यानंतर विश्रांतीसाठी ते परदेशी गेले असता, संस्थानिकांनी परवानगीवाचून परदेशी जाऊ नये अशा अर्थाचे परिपत्रक लॉर्ड कर्झनने १९०० मध्ये काढले. रोख कोणावर होता हे सर्वांना कळत होते. आजारपणाच्या रजेवर संशय घेणारे वरिष्ठ तेव्हाही होते, इतके म्हणून मी पुढे जातो.

१९०८ आणि नंतर

२० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, आणि १४ सप्टेंबरला युवराज फत्तेसिंहराव वारले. वय पंचवीस. त्यांचा मुलगा प्रतापसिंह तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांचा होता. आईविना वाढवलेला मुलगा गेला आणि महाराजांच्या हाती पुन्हा एक बाळ आले.

१९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहाला नीट मुजरा केला नाही, पाठ फिरवली, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. त्यांना व्हाइसरॉयला खुलाशाचे आणि दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. आपल्याला हे कमीपणाचे वाटते. पण राज्य राखायचे, शाळा आणि ग्रंथालये राखायची, तर कुठे वाकायचे हेही ठरवावे लागते. मोडून पडण्यापेक्षा ते बरे.

१९१९ मध्ये शिवाजीराव गेले. १९२२ मध्ये जावई, कुचबिहारचे महाराज जितेंद्रनारायण गेले, आणि कन्या इंदिराराजे तरुणपणीच विधवा झाल्या. १९२३ मध्ये जयसिंहराव गेले. चार मुलगे होते, त्यांतले तीन वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. याच काळात इकडे प्राचीन ग्रंथांची गायकवाड प्राच्यमाला एकेक ग्रंथ बाहेर काढत होती, शाळा भरत होत्या, आणि १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा बडोद्यात झाला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, आणि ते अडीच महिन्यांचे बाळ, प्रतापसिंहराव, गादीवर आले.

राजाला काय कमी?

हे सगळे मी आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरकाकांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे बाबा, राजाला काय कमी? झोप आली नाही तर स्वित्झर्लंड. तुला झोप आली नाही तर सकाळी साडेदहाला हजेरी."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. महाराज फार काळ परदेशी राहतात, खर्च होतो, अशी टीका त्यांच्या काळातही झाली. पण याच शहराने ज्याच्यापाशी काहीच नव्हते असा माणूसही पाहिला आहे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर थोड्याच दिवसांत लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांच्या घरीही थारा मिळाला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठीबागेत, म्हणजे आपल्या आजच्या सयाजीबागेत बसून राहिले. महाराजांचे कायदे शाळेपर्यंत पोचले होते, पण आपल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत पोचले नव्हते. ही गोष्ट आपण बडोदेकरांनी विसरू नये.

बाबासाहेबांसाठी तेव्हा ना वैद्य होता ना हवापालट. तरी १९२० मध्ये ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले आणि ते पुरे करूनच आले. पुढचे सर्वांना माहीत आहे. काका हे ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "एकच बाग रे दोघांची." बागेच्या फाटकातून आत जाताना मला आता हे वाक्य आठवते.

माझे काय झाले?

चमत्कार झाला नाही. अजूनही काही रात्री दोनला डोळा उघडतो. पण मी तीन गोष्टी केल्या. पहिली, साहेबांना सरळ सांगितले की मला झोप येत नाही, उपचार चालू आहेत. वाटले होते तसे आभाळ कोसळले नाही. दुसरी, पुराच्या वेळी कोणता वॉल्व्ह कुठे, कोणाला फोन करायचा, टँकर कुठून मागवायचे, हे जे सगळे माझ्या डोक्यात होते, ते वहीत उतरवले आणि दोन तरुण सहकाऱ्यांना शिकवले. डोक्यातला अर्धा भार वहीत गेला. तिसरी, सकाळी साडेपाचला सयाजीबागेत फिरायला जातो. तिथे ओळखीचे आणखी तीनजण भेटले, ज्यांना झोप येत नाही आणि जे घरी सांगत नाहीत. आता आम्ही एकमेकांना तरी सांगतो.

आपल्या मंडळातही अशी माणसे असतील. वर्गणी गोळा करताना, आरतीच्या रांगेत, हसतमुखाने प्रसाद वाटताना ती आपल्या शेजारी उभी असतात. कोणाचा धंदा बसला असेल, कोणाचा मुलगा परीक्षेत मागे पडला असेल, कोणाच्या घरात माणूस गेले असेल. त्यांना "खंबीर राहा" म्हणण्याऐवजी "बसा, काय झाले?" असे विचारले तर बरे.

महाराजांसारखे राज्य आपल्यापाशी नाही, बाबासाहेबांसारखी बुद्धी नाही. पण थकलो हे कबूल करणे, काम चारजणांत वाटणे, आणि जिथे आपल्याला लागले तिथे दुसऱ्याला लागू नये म्हणून एखादा दगड बाजूला करणे, एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. विघ्नहर्ता विघ्न दूर करतो अशी आपली श्रद्धा आहे. त्याच्या मखराला खांब लावायला मात्र दरवर्षी आपल्यालाच जावे लागते, आणि तेही एकट्याने लागत नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!